सहलीच्या बॅगेतली १ टीबीची एसएसडी: आठ महिन्यांच्या वापरानंतर

वापर असा: घरातले दोन फोन (एक आयफोन १५, एक अँड्रॉइड), एक कॅमेरा, सुट्टीच्या दिवशीच्या सहली आणि मधूनच चार-पाच दिवसांचा प्रवास. वस्तू म्हणजे तळहातात मावणारी १ टीबीची पोर्टेबल एसएसडी, म्हणजे फिरती चकती नसलेली बाहेरून जोडायची ड्राइव्ह. खोक्यावर वेग लिहिलाय सेकंदाला १,०५० एमबी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण आठ महिन्यांत जे काही अडलं ते ड्राइव्हमुळे क्वचितच अडलं. अडलं ते केबलमुळे, फॉरमॅटमुळे आणि ‘मूव्ह’ या बटणामुळे.

आधी जागेचा हिशेब. खोक्यावर १ टीबी आणि विंडोजमध्ये दिसतात ९३१ जीबी. यात फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १,०२४ च्या पटीत. आयफोनवर ‘हाय एफिशिअन्सी’ हे कमी जागा घेणारं कॅमेरा सेटिंग चालू असेल तर ४के व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमने मिनिटाला सुमारे १७० एमबी खातो, ६० फ्रेमला ४०० आणि १०८०पी ३० फ्रेमला फक्त ६०. दिवसभरात चाळीस मिनिटांचं चित्रण झालं तर ३० फ्रेमला ६.८ जीबी, ६० फ्रेमला थेट १६. तीनशे फोटोंचा पाऊण-एक जीबी वर. म्हणजे दिवसाला ८ जीबी धरले तरी ही ड्राइव्ह शंभराहून जास्त दिवस पुरते. पळापळीच्या खेळाला ६० फ्रेम ठेवा, बाकी सगळ्याला ३० पुरतात. २ टीबीची गरज घरगुती वापरात बहुतेकांना नाही. त्या पैशांत १ टीबीच्या दोन घेतलेल्या बऱ्या. का, ते पुढे येईलच.

फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत, एक्सफॅटच ठेवा. विंडोज, मॅक, आयफोन आणि आजचे बहुतेक अँड्रॉइड फोन, सगळीकडे वाचता-लिहिता येणारा हाच. एनटीएफएस केलंत तर मॅक फाइल वाचेल, पण त्यावर लिहिणार नाही. फॅट३२ सगळ्यांना चालतं, पण एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी घेत नाही. मुलांचं नाटक ४के ६० फ्रेमने सलग चित्रित केलं तर दहा-अकरा मिनिटांतच ही मर्यादा ओलांडली जाते, आणि कॉपी करताना ‘फाइल खूप मोठी आहे’ असा निरोप येतो. ड्राइव्ह रिकामी असूनही जागा नाही असं वाटायचं कारण बहुधा हेच. आयफोनसाठी आणखी एक अट: ड्राइव्हवर एकच पार्टिशन हवं. कोणी हौसेने दोन भाग पाडून दिले असतील तर फोनला ड्राइव्ह दिसणार नाही आणि दोष केबलवर जाईल. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं कुलूप, लावलेली ड्राइव्हही फोनवर उघडत नाही.

एक्सफॅटची कमजोर बाजू म्हणजे त्यात जर्नल, म्हणजे चालू बदलांची वेगळी नोंदवही, नसतं. लिहिणं चालू असताना ड्राइव्ह ओढली तर अर्धवट नोंद आपोआप सावरली जात नाही, आणि कधी कधी नुसती ती फाइल नाही, अख्खा फोल्डर वाचता येईनासा होतो. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हना ‘क्विक रिमूव्हल’ आपोआप लागू असतं, म्हणून इजेक्ट न करता काढली तरी सहसा निभावतं. पण ते कॉपी पूर्ण संपल्यावर. अँड्रॉइडवर नोटिफिकेशनमधून इजेक्ट करा. आयफोनवर कॉपीचं वर्तुळ पूर्ण झाल्यावर दहा सेकंद थांबून मगच केबल काढा.

आता केबल. यावर जरा सविस्तर, कारण ‘ड्राइव्ह स्लो आहे’ या दहातल्या नऊ तक्रारी इथल्याच असतात. ड्राइव्हसोबत आलेली आखूड टाइप-सी केबल आणि फोनच्या चार्जरची टाइप-सी केबल टोकांनी हुबेहूब सारख्या दिसतात. चार्जिंगची केबल मात्र बहुतेक वेळा यूएसबी २.० ची असते: ४८० एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट, मेगाबाइट नव्हे), म्हणजे प्रत्यक्षात सेकंदाला ३५ ते ४० एमबी. ८ जीबीला तिच्यावर साडेतीन मिनिटं लागतात. १० जीबीपीएसच्या केबलने, तशाच पोर्टवर, दहाएक सेकंद. ५ जीबीपीएसच्या पोर्टवर सेकंदाला ४०० एमबीच्या आसपास मिळतात, तेही घरगुती कामाला भरपूर. तपासायचं असेल तर दोन-तीन जीबीची एकच व्हिडिओ फाइल लॅपटॉपवरून कॉपी करा आणि विंडोजच्या खिडकीतला आलेख बघा. रेघ चाळिसाच्या आसपास सपाट राहिली की समजा केबल, हब (एका पोर्टचे अनेक करणारा जोड) नाहीतर पोर्ट यूएसबी २ चा आहे. मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीखाली वेग सरळ लिहिलेलाच असतो. खात्री झाली की चांगल्या केबलच्या दोन्ही टोकांना रंगीत टेप गुंडाळा. सहलीच्या बॅगेत पाच काळ्या केबल असतात, तेव्हा ही टेपच कामाला येते.

जुन्या चौकोनी टाइप-ए पोर्टची एक गंमत. त्यात यूएसबी २ चे संपर्क आधी टेकतात आणि वेगवान जोडणीचे नंतर. प्लग हळूहळू सरकवला तर कधी कधी लॅपटॉप पहिल्यावरच समाधान मानतो. काढून एका झटक्यात पुन्हा लावा, वेग दहापट होतो.

आणि आयफोन १५, १५ प्लस, १६, १६ प्लस यांचं पोर्टच यूएसबी २ च्या वेगाचं आहे, केबल कितीही भारी घ्या. १५ प्रो आणि १६ प्रो १० जीबीपीएस देतात. म्हणजे साध्या आयफोनसाठी सेकंदाला १,०५० आणि २,००० एमबीच्या ड्राइव्हमधला फरक फक्त खोक्यावर.

रोजचं काम, म्हणजे संध्याकाळी मुक्कामी पोचल्यावरची कॉपी. आयफोनवर फोटोज उघडून हवे ते निवडा, शेअर, ‘सेव्ह टू फाइल्स’, मग ड्राइव्हवरचा फोल्डर. एका वेळी शंभर-दीडशे पुरे. हजार निवडले की मध्येच काय राहिलं ते कळत नाही. स्क्रीन चालू ठेवा. यातली खरी मेख ‘ऑप्टिमाइझ आयफोन स्टोरेज’ या सेटिंगमध्ये आहे. ते चालू असेल तर मूळ फोटो क्लाउडवर आणि फोनमध्ये फक्त छोटी प्रत. डोंगरात रेंज नसेल तर मूळ उतरत नाही आणि कॉपी अडून बसते. अशा वेळी नुकतेच काढलेले फोटो सहसा मिळतात, जुने मिळत नाहीत.

अँड्रॉइडवर फाइल्स अॅपमधून डीसीआयएममधला कॅमेरा फोल्डर उघडा, निवडा आणि ‘कॉपी टू’. कॉपीच करा, मूव्ह नको. मूव्ह म्हणजे इकडे लिही आणि तिकडे पूस. मध्ये केबल हलली तर काही फाइल इकडे, काही तिकडे आणि एखादी दोन्हीकडे नाही.

लॅपटॉप सोबत असेल तर आयफोन विंडोजला जोडून कॉपी करताना ‘सिस्टिमला जोडलेलं उपकरण काम करत नाही’ अशा अर्थाची चूक हमखास येते. उपाय फोनमध्ये आहे: फोटोजच्या सेटिंगमध्ये अगदी तळाला ‘ट्रान्सफर टू मॅक ऑर पीसी’ आहे, तिथे ‘ऑटोमॅटिक’ काढून ‘कीप ओरिजिनल्स’ करा. ऑटोमॅटिकमध्ये फोन प्रत्येक फोटो जाता जाता जेपेगमध्ये बदलत बसतो आणि तिथेच दमतो. मूळ एचईआयसी (आयफोनच्या फोटोंचा फाइल-प्रकार) फोटो विंडोजवर उघडत नसेल तर मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधलं एचईआयएफ एक्स्टेन्शन टाका.

फोल्डरच्या नावात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा: ‘२०२५-०३-१४ किल्ला’. मग नावाप्रमाणे लावलं की काळाप्रमाणे आपोआप लागतं. आत प्रत्येक फोनचा आणि कॅमेऱ्याचा वेगळा फोल्डर, आणि हे केवळ टापटिपीसाठी नाही. आयफोनच्या फाइलींचा क्रमांक ९९९९ झाला की पुन्हा ०००१ वर येतो, आणि कॅमेराही चारच आकडी मोजतो. दोन्हींचे फोटो एका फोल्डरात टाकले की ‘आयएमजी_०४१२ आधीच आहे, बदलू की सोडू?’ असा प्रश्न येतो. घाईत कोणीतरी ‘रिप्लेस’ दाबतं आणि धबधब्याच्या फोटोच्या जागी पार्किंगच्या पावतीचा फोटो बसतो. असा निरोप आलाच तर ‘दोन्ही ठेवा’.

कॅमेऱ्याचं घड्याळ बारा-पंधरा मिनिटं पुढेमागे असतंच, मग सगळे फोटो एकत्र लावल्यावर उतरलेली माणसं पुन्हा बसमध्ये चढताना दिसतात. सोपा तोडगा: सहलीचा पहिला फोटो कॅमेऱ्याने फोनच्या घड्याळाचाच काढायचा, सेकंद दिसतील असा. नंतर एक्झिफटूल या सॉफ्टवेअरने तेवढ्या फरकाने सगळ्या फोटोंची वेळ एका झटक्यात सरकवता येते. वेळ लावताना ‘डेट टेकन’ बघा, ‘डेट मॉडिफाइड’ नको. कॉपी करताना दुसरी तारीख बदलू शकते, पहिली फोटोच्या आत असते. व्हॉट्सअॅपवरून आलेल्या फोटोत ही आतली माहिती नसते आणि फोटो लहानही झालेला असतो. बरोबरच्या कुटुंबांकडून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ एवढं सांगा, मूळ फाइल मिळते.

फोनमधून डिलीट करायची घाई नको. आधी दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळवा. मग ड्राइव्हवरूनच तीन-चार मोठे व्हिडिओ उघडून शेवटच्या दहा सेकंदांवर नेऊन बघा. अर्धवट कॉपी झालेली फाइल सुरुवातीला छान चालू शकते, दगा शेवटी देते. आयक्लाउड फोटोज चालू असेल तर फोनमधून काढलेला फोटो क्लाउडमधूनही जातो, हे अजूनही बऱ्याच जणांच्या ध्यानात नाही. आणि डिलीट केल्यावर जागा लगेच मोकळी होत नाही. फोटो ३० दिवस ‘रिसेंटली डिलीटेड’मध्ये पडून राहतात. तो अल्बम रिकामा केला तरच नवीन व्हिडिओला जागा. पण तो घरी दुसरी प्रत झाल्यावरच रिकामा केलेला बरा, तीस दिवसांची ती फुकटची राखीव प्रत आहे.

दुसऱ्या प्रतीचं कारण साधं आहे. हार्ड डिस्क मरताना बऱ्याचदा आधी खरखर करते, एसएसडी बहुधा गुपचूप जाते. शिवाय एसएसडीत माहिती विद्युतभाराच्या रूपात असते, वर्षानुवर्षं कपाटात वीज न देता ठेवायची वस्तू ती नाही. घरी आल्यावर दुसऱ्या एसएसडीवर किंवा साध्या हार्ड डिस्कवर एक प्रत, आणि ड्राइव्ह दोन-तीन महिन्यांतून एकदा तरी जोडणं, एवढं पुरतं.

विजेची भानगड आयफोनवर जास्त जाणवते. आयफोन १५ टाइप-सीतून बाहेर जास्तीत जास्त ४.५ वॉट देतो. फोनची बॅटरी उतरलेली असताना मोठी कॉपी सुरू केली की ड्राइव्ह मध्येच गायब होण्याचे प्रकार होतात. चार्जर लावता येणारा छोटा हब हे त्यावरचं औषध. क्रम मात्र पाळा: आधी हबला चार्जर, मग ड्राइव्ह, शेवटी फोन. कॉपी चालू असताना चार्जर लावला किंवा काढला की बरेच हब क्षणभर सगळं तोडून पुन्हा जोडतात, आणि त्या क्षणात कॉपी जाते. कुणी ‘जरा माझा फोन लावू का?’ म्हणून चार्जर उपटणार नाही, अशा कोपऱ्यात बसा.

वेग सुरुवातीचा आणि नंतरचा वेगळा असतो. जुन्या लॅपटॉपमधले ४०० जीबी फोटो पहिल्यांदा टाकताना सुरुवातीचे काही जीबी सुसाट जातात आणि मग वेग धाडकन उतरतो. ड्राइव्ह आधी वेगवान कॅशमध्ये लिहिते, ती भरली की मूळ संथ भागात. शिवाय कवच तापलं की स्वतःहूनही हळू होते. बिघाड नाही. रोजच्या ८ जीबीत हे कधी दिसत नाही. चादरीवर किंवा गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात ठेवून मात्र कॉपी करू नका.

टिकाऊपणाबद्दल: आत फिरणारं काही नाही, म्हणून बॅगेतल्या आदळआपटीची काळजी नाही. दुबळी जागा पोर्टची. ड्राइव्ह फोनला लोंबकळत ठेवली की सैल होतं ते फोनचं पोर्ट. दोन्ही टेबलावर आडवी ठेवा. केबल घट्ट बसत नसेल तर आधी फोनच्या पोर्टमधली कापसासारखी धूळ बघा. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढा, पिन किंवा सुई नको.

मुक्कामाच्या टीव्हीला ड्राइव्ह लावून फोटो दाखवायचा बेत बेभरवशाचा आहे. जुने टीव्ही एक्सफॅट वाचत नाहीत आणि एचईआयसी फोटो तर बऱ्याच नव्यांनाही उघडता येत नाहीत. गाडीतल्या स्टिरिओचं तसंच. त्यासाठी ३२ जीबीचा वेगळा पेनड्राइव्ह फॅट३२ करून, त्यात गाणी आणि मुलांच्या गोष्टी एमपी३ मध्ये. चित्रपटांच्या अॅपमधून डाउनलोड केलेले चित्रपट या ड्राइव्हवर टाकून चालत नाहीत, ते त्या अॅपमध्येच उघडतात.

पासवर्डचा प्रश्न उरतो. ड्राइव्हला कुलूप लावायची सोय कंपनीच्या अॅपमधून आहे, पण मग प्रत्येक फोनवर ते अॅप हवं, आणि मुक्कामी अनोळखी लॅपटॉपवर अडकायला होतं. सहलीच्या फोटोंसाठी कुलूप नाही आणि ओळखपत्रांचे स्कॅन या ड्राइव्हवर नाहीत, अशी वाटणी बरी पडली. हरवलीच तर म्हणून सगळ्यात वरच्या फोल्डरात ‘सापडल्यास’ नावाची साधी टेक्स्ट फाइल आहे, तिच्यात फक्त एक मोबाइल नंबर. तोच नंबर कवचावरही चिकटवलाय, कारण अनोळखी ड्राइव्ह आपल्या संगणकाला न लावण्याइतकी शहाणी माणसंही असतात.