इतो की उमेझू: आधी कोणाचं घ्यावं?

नारायण धारपांच्या भयकथा वाचून वाढलेला नाशिककर जपानी भयकॉमिक्सकडे वळला, की कॉलेज रोडच्या दुकानात आधी जुन्जी इतोच हाती लागतो. हरकत काहीच नाही. तरी पैसे मोजण्यापूर्वी काझुओ उमेझूचाही विचार करावा, असं आपलं मला वाटतं.

तसे हे दोघं गुरू-शिष्यच. इतो चार-पाच वर्षांचा असताना बहिणींमुळे उमेझू वाचू लागला. पुढे कवळ्या बनवायची नोकरी करता करता त्याने ‘तोमिए’ ही आपली भयकथा कॉमिक्स-स्पर्धेला पाठवली, तर परीक्षकांत खुद्द उमेझू! ती छापून आली १९८७मध्ये. इतोवर अमेरिकन भयकथाकार लव्हक्राफ्टचाही प्रभाव, आणि धारपांवरही त्याची छाप, त्यामुळे धारपांच्या वाचकाला तिथली हवा ओळखीची वाटते. उमेझूची भीती मात्र घरातली. वडील त्याला झोपवताना जपानच्या नारा भागातल्या सर्पस्त्रीच्या दंतकथा सांगायचे; मग पोराच्या कॉमिक्समध्ये आईच्या जागी सापीण येऊन बसली, तर नवल काय?

चित्रकलेत इतो सरस, वादच नाही. पान उलटलं की पोटात गोळा येतो. पण त्याची ‘उझुमाकी’ वाचताना एक गोष्ट मला सारखी डाचत राहिली. गावात एकेक भयंकर मृत्यू होतो, आणि पुढच्या प्रकरणात नायिका दप्तर घेऊन शाळेला निघालेली! ज्याचा बाप गेला, आई गेली, तो तिचा मित्र शुइची ‘गाव सोडू या’ म्हणून जीव तोडून सांगतोय, आणि ही ढिम्म. शेवटाकडे सगळं जुळतं, मान्य. तोवर माझी भीती विरून गेली होती.

उमेझूच्या ‘द ड्रिफ्टिंग क्लासरूम’मध्ये (१९७२-७४) असं होत नाही. अख्खी शाळा उजाड भविष्यात जाऊन पडते आणि तिथे घडलेलं कोणी विसरत नाही. अन्न संपतं ते संपतंच. पोरगा सकाळी आईशी भांडून निघालेला. तीच आई इकडे वर्तमानात हॉटेलच्या भिंतीत त्याच्यासाठी सुरी लपवून ठेवते. तिथे मी पुस्तक मिटून जरा बसून राहिलो. पोरं पानोपानी आ वासून किंचाळतात, त्याचा कंटाळा येतो हेही खरं.

पंचवटी एक्स्प्रेसने रोज मुंबई गाठत असाल, तर इतोच्या सुट्या कथा सोयीच्या. इगतपुरीच्या आत एखादी उरकते. एरवी उमेझूच्या ‘क्लासरूम’च्या तीन जाडजूड खंडांपैकी फक्त पहिला घ्या. उरलेले दोन आधीच मागवून ठेवायची गरज नाही, पण मागवावे लागतील.