पिकअपसाठी ऑल-टेरेन टायर: ‘पी’ की ‘एलटी’?

ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि कच्च्या अशा दोन्ही वाटांवर चालणारे टायर निवडताना बहुतेकांचे लक्ष नक्षीवर जाते, पण खरा निर्णय टायरच्या बाजूला छापलेल्या अक्षरांवर अवलंबून असतो. आकड्यांपूर्वी ‘पी’ असेल तर बांधणी प्रवासी मोटारीची आणि ‘एलटी’ असेल तर हलक्या ट्रकची.

‘पी’ टायर वजनाला हलका असल्याने इंधन कमी लागते आणि रस्त्याचे हादरे तो बरेचसे स्वतःच पचवतो. मात्र पिकअपला तो बसवताना छापील भारक्षमता १.१० ने भागून धरावी लागते, आणि हे विकताना क्वचितच सांगितले जाते.

‘एलटी’ची बाजू जाड असते, त्यामुळे अणकुचीदार दगडांवरून, विशेषतः हवा कमी करून जाताना, ती चिरण्याचा धोका कमी होतो. ‘एलटी’मधील ‘ई’ भारश्रेणीच्या (टायर किती भार पेलतो, हे सांगणारा अक्षरी वर्ग) टायरला ‘१० प्लाय’ म्हणतात, पण आत दहा थर नसतात. तो जुन्या सुती थरांच्या हिशेबाने सांगितलेला मजबुतीचा दर्जा आहे. अशा टायरची पूर्ण भारक्षमता साधारणपणे ८० पीएसआय दाबाला मिळते. म्हणूनच ‘पी’वरून ‘एलटी’वर जाताना हवेचा दाब जुनाच ठेवणे चुकीचे आहे, नवा दाब टायरच्या भार-तक्त्यावरूनच (किती भाराला किती दाब, हे दाखवणारा तक्ता) ठरवावा. रिकामी गाडी मात्र या टायरवर उसळते.

गाडी बहुतांशी रिकामी आणि डांबरी रस्त्यावर धावत असेल तर मी निःशंकपणे ‘पी’ सुचवेन. नेहमी जड माल, ट्रेलर किंवा खडकाळ वाट असेल तर ‘एलटी’च घ्यावा. बर्फात जायचे असल्यास, प्रकार कोणताही असो, तीन शिखरांच्या डोंगरातील हिमकणाचे चिन्ह टायरवर आहे का, हे पाहावे.