जुना बेल्जियन कोटिक्युल: वस्तऱ्यासाठी काही महिने वापरल्यानंतर

घाईत असाल तर आधीच सांगतो. वस्तऱ्याने नेहमी दाढी करत असाल आणि वस्तरा मुळात बरा असेल तर जुना कोटिक्युल (धार लावायचा पिवळा नैसर्गिक दगड) मिळाला की घेऊन टाका. दाते पडलेला, गंजका वस्तरा या एकट्या दगडावर उभा करायचा बेत असेल तर नका घेऊ, मनगट दुखेल आणि वर दगडाला शिव्या घालाल.

मी नेदरलँड्समधे आइंडहोवनला राहतो, इथून बेल्जियममधलं टाँगरेन गाडीने तासाभरावर, तिथला रविवारचा अँटिक बाजार म्हणजे आपला पुण्यातला जुना बाजारच पण युरोमधे. तिथे कात्र्यांच्या ढिगात हा पडला होता, साधारण 15 बाय 4 सेंमी, लाकडी पेटी पण झाकण गायब, आणि वर तेलाचा इतका काळा थर की पिवळा दगड आहे हे फक्त बाजूने दिसत होतं. हे दगड बेल्जियमच्या आर्डेन या डोंगराळ भागातल्या व्हिएलसाम, सामशातो भागातल्या खाणींचे. पिवळा पट्टा स्लेटच्या मधे अगदी पातळ सापडतो म्हणून त्याची चकती कापून खाली काळी स्लेट चिकटवतात. पिवळ्यात गार्नेट या कठीण खनिजाचे बारीक बारीक कण ठासून भरलेले असतात, धार तेच लावतात.

साफसफाई फार अवघड नाही. भांड्यांचं लिक्विड, कोमट पाणी आणि जुना टूथब्रश, तेल निघेपर्यंत परत परत. उकळू नका आणि रात्रभर भिजत पण ठेवू नका, जुना डिंक सुटला तर दोन तुकडे हातात येतील (याला भिजवायची गरजही नसते, वर पाणी शिंपडलं की झालं). मग सपाट करणं. वर्षानुवर्षं वापरून दगड मधे खोलगट झालेला असतो आणि वस्तऱ्याला ते अजिबात चालत नाही. जाड काचेवर वेट-ड्राय पॉलिश पेपर, आधी 220 ग्रिट (आकडा जितका मोठा तितका कागद बारीक), मग 400, शेवटी 600, पाणी भरपूर, आणि दगडावर पेन्सिलने चौकटी आखायच्या, चारही कोपऱ्यांतल्या रेघा जातात आणि मधल्या तशाच राहतात तेव्हा कळतं खड्डा केवढा आहे. कोरडं घासू नका, ती धूळ छातीत जायला नको. शेवटी चारही कडा जराशा गोल करा, नाहीतर टोकदार कडेवर धार अडकते. पिवळा थर मुळात थोडाच असतो, सगळ्या रेघा गेल्या की लगेच थांबा, चकचकीत करायच्या नादात उगाच दगड संपवू नका.

आता वापर. वस्तऱ्याची पाठ आणि धार दोन्ही दगडाला टेकलेली, त्यामुळे कोन आपोआप बसतो, धार पुढे ठेवून ढकलायचं आणि वळवताना पाठीवरून वळवायचं. दाब जवळजवळ नाहीच. मी छोट्या डायमंड प्लेटने (हिऱ्याचे कण बसवलेली पट्टी) दगडावर पाणी घालून घासून थोडी स्लरी, म्हणजे दगडाच्या कणांचं दाट पाणी, काढतो, सुरुवातीला ताकाएवढी दाट, मग दर थोड्या वेळाने दोन-चार थेंब पाणी, असं करत करत शेवटी नुसतं पाणी. खरी गोम इथेच आहे, दाट स्लरीत दगड भराभर कापतो पण तेच सुटे कण धारेच्या टोकावर आपटत राहतात, त्यामुळे धार एका मर्यादेपुढे जातच नाही, आणि पाणी घाईने ओतलंत तर काम अर्धवट राहतं आणि पुढे नुसत्या पाण्यावर कितीही घासलंत तरी काही होत नाही. हा अंदाज हाताला यायला वेळ लागतो. यायला लागला की वस्तरा पाण्यावर चिकटल्यासारखा सरकतो, आवाजही बदलतो. नंतर चामड्याच्या पट्ट्यावर, तिथे मात्र उलट, पाठ पुढे.

माझा वस्तरा जर्मनीतल्या सोलिंगनचा, पातं 5/8 इंच रुंद. या दगडावरची धार गुळगुळीत आहे, गळ्याशी उलट्या केसांवर सुद्धा आग होत नाही. 12000 ग्रिटच्या सिंथेटिक दगडाची धार याहून कडक लागते, केस जास्त झटकन कापते हे मान्य, पण माझी कातडी तिला वैतागते. ज्याची दाढी तारेसारखी आहे त्याला कदाचित सिंथेटिकच आवडेल. पहिली बेव्हल (धारेचा तिरका उतार) बसवायला मी अजूनही 1000 चा सिंथेटिकच वापरतो, कोटिक्युलवर ते होतं पण तेवढा वेळ आहे कुणाला.

तक्रार एकच, दगड दगडात फरक फार. एकाच खाणीतल्या वेगवेगळ्या थरांचे वेगळे स्वभाव, आणि ऑनलाइन विकणारे ‘ला व्हेनेट’, ‘ला ग्रोस ब्लांश’ अशी थरांची नावं लावून भाव चढवतात. नुसत्या फोटोवरून थर ओळखणं माझ्या मते भविष्य सांगण्यातला प्रकार आहे, त्याचे जादा पैसे देऊ नका. (आपल्याकडे सलूनमधे आता अर्धं ब्लेड मोडून घालतात, धोकटीतला दगड केव्हाच गेला, त्यामुळे भारतात शोधणाऱ्यांना बहुतेक बाहेरूनच मागवावा लागेल.)

घेताना पिवळ्या बाजूवर नख फिरवून बघा. नुसती रेघ दिसत असेल आणि नख अडकत नसेल तर खुशाल घ्या, अडकलं तर सोडा. आणि थर बाजूने मोजा, 3 मिमीच्या खाली असेल तर सपाट करण्यातच बराचसा जाईल, त्या हिशोबाने भाव करा.