पाठ टाचण पंचपदीत काढायचं की फाइव्ह ईमध्ये? दोन्ही वापरून झाल्यावर

शिक्षक व्हायच्या कोर्समधले सराव पाठ जवळ आले की ज्युनिअर्सचा ठरलेला प्रश्न येतो, की टाचण (पाठाचा लेखी आराखडा) नेहमीच्या पंचपदीत, म्हणजे ठरलेल्या पाच पायऱ्यांत, काढू का फाइव्ह ईमध्ये, म्हणजे इंग्रजी ई ने सुरू होणाऱ्या पाच पायऱ्यांत, मॅडम म्हणतात कुठलंही चालेल पण पाठ विद्यार्थीकेंद्री दिसला पाहिजे. मी दोन्ही पद्धतींनी पाठ घेतलेत. माझी मेथड (शिकवायला निवडलेला विषय) सायन्स, पण आंतरवासितेत (शाळेत राहून शिकवण्याच्या काळात) ऑफ तासांना मराठी पण शिकवलं, थोडं गणित पण. तेव्हा मला जे जाणवलं ते सांगतो, तुमचा वर्ग वेगळा असेल, तुमचे निरीक्षक वेगळे असतील, त्यामुळे हे माझ्यापुरतं समजा.

पायऱ्या काय काय हे तुम्हाला माहितीच आहे, प्रस्तावना, हेतुकथन (आज काय शिकायचं ते सांगणं), विषय विवेचन वगैरे परत लिहीत बसत नाही. फक्त एक गोष्ट जी आम्हाला फार उशिरा कळली. आपण ज्याला जर्मन शिक्षणतज्ज्ञ हर्बार्टची पंचपदी म्हणतो त्या पाच पायऱ्या हर्बार्टच्या स्वतःच्या नाहीतच. त्याने चारच सांगितल्या होत्या, आणि त्या मुलाच्या मनात विचार कसा तयार होतो याबद्दल होत्या. पुढे झिलर आणि राइन या त्याच्या अनुयायांनी त्या चाराच्या पाच करून शिक्षकासाठी पाठाचा साचा बनवला. म्हणजे जे मुलाच्या बाजूने सुरू झालं ते शिक्षकाच्या बाजूला आलं, आणि माझी जी अडचण झाली (ती पुढे सांगतो) तिचं मूळ मला तरी इथेच वाटतं. फाइव्ह ईचं उलट आहे, १९६२ च्या सुमारास अमेरिकेत ॲटकिन आणि कार्प्लस यांनी मुलांना आधी वस्तू हाताळू द्या, नाव मागून सांगा असं म्हणत एक लर्निंग सायकल मांडली, आणि १९८० च्या दशकात रॉजर बायबी आणि त्यांच्या टीमने तिच्या पाच पायऱ्या केल्या. एंगेज (लक्ष वेधणं), एक्सप्लोअर (मुलांनी स्वतः करून बघणं), एक्सप्लेन (समजावणं), इलॅबोरेट (शिकलेलं दुसरीकडे लावून बघणं), इव्हॅल्युएट (मूल्यमापन). यात एक्सप्लेन तिसऱ्या नंबरवर आहे, आणि दोन्ही पद्धतींमधला खरा फरक मला विचाराल तर तो एवढाच आहे, बाकी नावं इकडची तिकडे केली तरी चालतं.

(हल्ली २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय आराखड्यातली पंचादि आणि ही पंचपदी यात पण गोंधळ होतो. ती वेगळी आहे, अधिती, बोध, अभ्यास, प्रयोग, प्रसार. व्हायव्हाला (तोंडी परीक्षेला) विचारलं तर मिसळू नका.)

आता तयारीचं. पंचपदीचं टाचण मला साधारण दीड तासात व्हायचं. सूक्ष्म अध्यापनात (छोट्या पाठात एकेका कौशल्याचा सराव) आपण प्रस्तावना, प्रश्न विचारणं, स्पष्टीकरण, प्रबलन (शाबासकी देणं), फलक लेखन अशी सुटी सुटी कौशल्यं करतो, सहा मिनिटं शिकव, सहा मिनिटं प्रत्याभरण (कसं झालं ते ऐकणं), बारा मिनिटं परत नियोजन, मग पुन्हा शिकव, ते सगळं पंचपदीत अगदी फिट्ट बसतं, त्यामुळे हात बसलेला असतो. फाइव्ह ईला मला दोन संध्याकाळी लागायच्या, त्यातली एक पूर्ण मुलांच्या हातात काय द्यायचं हे शोधण्यात जायची. साहित्य मिळालं तर गट किती, गट आठ झाले तर आठ सेट कुठून आणायचे, पाणी सांडलं तर पुसायला काय. हे सगळं टाचणात लिहायला जागा नसते पण पाठ त्याच्यावरच उभा असतो. त्यामुळे वेळ नसेल, दुसऱ्या दिवशी दोन पाठ लागलेत आणि साहित्य हातात नाही अशी स्थिती असेल तर पंचपदी घ्या, त्यात कमीपणा काही नाही.

व्याकरणाला तर मी आजही पंचपदीच घेईन. संधी शिकवताना फळ्यावर विद्यालय, हिमालय, देवालय लिहिलं, फोड करून घेतली, आणि मुलांनीच सांगितलं की सर दोन अ-आ आले की मोठा आ होतो. सामान्यीकरण (उदाहरणांवरून नियम काढणं) ही पंचपदीतली पायरी नेमकी याच्यासाठी आहे. तिथे एक्सप्लोअरच्या नावाखाली गटात शब्दपट्ट्या वाटून पंधरा मिनिटं घालवण्यात मला तरी अर्थ वाटला नाही, मी एकदा घालवली आणि मुलं पट्ट्या गोळा करण्यातच रमली. कवितेला मात्र मला दोन्ही पद्धती बोचतात, कविता आधी छान वाचून दाखवावी आणि थोडं गप्प बसावं, पण ते कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता ज्या एका गोष्टीमुळे माझा कल बदलला तिच्यावर येतो, ती म्हणजे अपेक्षित उत्तराचा रकाना.

आमच्या छापील टाचण वहीत शिक्षक कृती आणि विद्यार्थी कृती असे दोन मोठे रकाने होते. शिक्षक कृतीत आपण प्रश्न लिहायचा आणि समोर विद्यार्थी कृतीत मुलं काय उत्तर देतील ते आधीच लिहून ठेवायचं. सुरुवातीला मला हे फार आवडायचं कारण आधार वाटायचा. सातवीला बाष्पीभवनाचा पाठ होता, जिल्हा परिषदेची शाळा, वर्गात पन्नासच्या आसपास मुलं. प्रस्तावनेत प्रश्न होता, ओले कपडे उन्हात वाळत घातल्यावर त्यातलं पाणी कुठे जातं? समोर मी लिहिलं होतं, उन्हाने पाण्याची वाफ होते. मी प्रश्न विचारला, खिडकीकडच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, सर आमच्याकडे आई रात्री धुणं टाकते, कामाला जायचं असतं ना सकाळी, तर ते रात्रीच वाळतं, ऊन नसतं तरी.

मी त्याला बरं म्हणालो, बस म्हणालो, आणि पुढच्या मुलाकडे वळलो. मला वाफ हा शब्द हवा होता. तिसऱ्या मुलीने तो दिला, मी शाब्बास म्हणालो, हेतुकथन केलं, फळ्यावर बाष्पीभवन लिहिलं आणि पाठ पुढे गेला. पाठ चांगला झाला असा शेरा पण मिळाला. संध्याकाळी वही पूर्ण करताना माझ्या लक्षात आलं की त्या पाठातली सगळ्यात मोलाची गोष्ट तो मुलगा बोलला होता. बाष्पीभवन कुठल्याही तापमानाला होत असतं, त्याला उकळावं लागत नाही, ऊन पण लागतंच असं नाही, हेच तर मला पाठाच्या शेवटी त्यांच्याकडून काढून घ्यायचं होतं. ते पहिल्या तीन मिनिटांत माझ्या हातात आलं होतं आणि मी ते खाली ठेवलं कारण माझ्या वहीत त्या ओळीसमोर दुसरं काहीतरी लिहिलेलं होतं. मला त्या रात्री खरंच वाईट वाटलं, अजूनही तो पाठ आठवला की तो मुलगा खाली बसताना दिसतो.

आता कुणी म्हणेल यात पंचपदीचा काय दोष, तू लक्ष द्यायला हवं होतंस. हो, द्यायला हवं होतं. अनुभवी शिक्षक पंचपदीत पण तो मुलगा पकडतात, मी असे शिक्षक बघितलेत. पण आपण छात्राध्यापक म्हणून वर्गात जातो तेव्हा मागे निरीक्षक बसलेले असतात, घड्याळ समोर असतं, ३५ मिनिटांचा तास, आणि अशा वेळी माणूस कागदाला धरून चालतो. कागदावर जर मुलांची उत्तरं आधीच लिहिलेली असतील तर आपण वर्गात ती उत्तरं शोधत फिरतो. नवख्या माणसासाठी तो रकाना जड जातो एवढंच माझं म्हणणं आहे.

तोच पाठ मी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीला फाइव्ह ईने घेतला. प्राथमिकच्या वर्गातून पाट्या मागून आणल्या. प्रत्येक गटाला दोन पाट्या, एक ड्रॉपर, आणि सांगितलं की प्रत्येक पाटीवर दोन ठिकाणी पाच पाच थेंब टाका, एक तसंच ठेवा, एक बोटाने पसरवा, मग एका पाटीला वहीने वारा घाला आणि दुसरी नुसती ठेवा, आधी काय वाळेल ते पाटीच्या कडेला खडूने लिहून ठेवा. फळ्यावर शीर्षक लिहिलं नव्हतं. वारा कोण घालणार यावर दोन गटांत थोडी भांडणं झाली, आवाज पण झाला, पण एका मुलीने विचारलं की सर, पसरवताना थोडं पाणी बोटाला लागतं, मग ते कमीच झालं ना, ते आधी वाळणारच. तुलना करताना बाकी सगळं सारखं ठेवावं लागतं हे मी टाचणात कुठेच लिहिलं नव्हतं. तिच्या गटाने मग बोट आधी ओलं करून परत प्रयोग केला. मी फक्त बघत होतो, आणि बघायला मला वेळ होता, माझ्या मते फाइव्ह ईने छात्राध्यापकाला मिळणारी सगळ्यात मोठी गोष्ट हीच, की मुलं काय बोलतायत ते ऐकायला तुम्ही मोकळे असता.

त्यानंतर मी रात्री वाळणाऱ्या कपड्यांचा प्रश्न मुद्दाम टाकला, आणि पावसाळ्यात पंख्याखाली टाकूनही कपडे कुबट का राहतात हा त्यांनीच काढला.

अडचणी पण सांगतो, नाहीतर तुम्ही फसाल. त्याच तासाला घंटा झाली तेव्हा मी एक्सप्लेनच्या मध्यावर होतो. मूल्यमापन झालंच नाही, फलक लेखन अर्धवट, शेऱ्यात पण तेच आलं आणि ते बरोबरच होतं. मुळात हे मॉडेल एका तासात कोंबायला बनवलेलंच नाही, सलग काही तासांच्या घटकासाठी आहे. सराव पाठात एकच तास मिळत असेल तर एक्सप्लोअरला १२ मिनिटांच्या वर जाऊ देऊ नका, आणि इलॅबोरेट सरळ घरी करायला द्या, माठातलं पाणी गार का राहतं ते घरी विचारून या इतकं पुरतं. आंतरवासितेत जोडतास मिळाला तर मग काही विचार न करता फाइव्ह ई घ्या. दुसरी अडचण म्हणजे वर्गशिक्षक. आवाज झाला की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावतंच, तेव्हा आदल्या दिवशी त्यांना आणि मुख्याध्यापकांना सांगून ठेवलेलं बरं, मी सांगितलं नव्हतं.

आणि एक नक्की टाळा. बरेच जण एंगेजला व्हिडिओ, एक्सप्लोअरला पीपीटी, एक्सप्लेनला परत पीपीटी असं करतात. नावं पाच ईची पण बोलतोय शिक्षकच. त्यापेक्षा चांगले दहा प्रश्न घेऊन केलेली पंचपदी कितीतरी जास्त विद्यार्थीकेंद्री असते.

वार्षिक पाठ परीक्षेला काय घ्यायचं हे मी ठामपणे नाही सांगू शकत. बाहेरचे परीक्षक येतात, काहींना हेतुकथन दिसलं नाही की खटकतं. माझ्या बरोबरचे बहुतेक जण पंचपदीवर गेले आणि त्यांचं छान झालं. मी फाइव्ह ई घेतली, माझंही झालं. हात थरथरत असतील तर जे पाठ आहे ते घ्या. पण सायन्स, भूगोल, परिसर अभ्यास असेल, गट करता येतील एवढी जागा असेल आणि निदान एक दिवस आधी साहित्य जमवता येत असेल तर माझं मत फाइव्ह ईला, आणि माझ्याकडे आता शाळेत निवड असते तेव्हा मी तीच घेतो.

कॉलेजचा छापील फॉर्मॅट बदलता येत नाही असं बऱ्याच जणांचं असतं, आमचंही होतं. त्याला मी असं केलं. विद्यार्थी कृतीच्या रकान्यात एका उत्तराऐवजी तीन ओळी. पहिलीत बरोबर उत्तर, दुसरीत मुलांचा नेहमी होणारा गैरसमज (पाणी पाटीत मुरलं, पाणी उन्हाने जळून गेलं, असे), आणि तिसरी ओळ कोरी. कोऱ्या ओळीत पाठ झाल्यावर हिरव्या पेनाने मुलांनी खरंच काय म्हटलं ते लिहायचं. मेथडच्या सरांनी पहिल्यांदा विचारलं हे रिकामं का ठेवलंय, मी कपड्यांचा किस्सा सांगितला, ते म्हणाले ठेव. उद्दिष्टांच्या जागी पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीला छापलेल्या अध्ययन निष्पत्तींतली (मुलांना काय यायला हवं त्या यादीतली) एकच घ्या, दोन घेतल्या की एक्सप्लोअर फाटतो. आणि मूल्यमापनाचा प्रश्न सगळ्यात आधी लिहा, मग मागे या, म्हणजे कृती नेमकी कशासाठी आहे ते डोळ्यांसमोर राहतं.

थेंबांचा प्रयोग घेणार असाल तर आदल्या दिवशी घरी घड्याळ लावून करून बघा. मी डिसेंबरात केला तेव्हा वारा घातलेला पसरलेला भाग तीनेक मिनिटांत वाळला होता, तोच पुढच्या वर्षी जुलैत केला तर सात मिनिटं झाली तरी पाटी ओलीच होती, मग पाचाऐवजी दोनच थेंब घेतले.