ऑनलाइन तबला शिकवणी : दिवाळीपासून आजवरचा अनुभव

मी बंगळुरूला, सर मिरजेला. ऑनलाइन तबला शिकता येतो का, असं बरेच जण विचारतात. येतो, पण सरांनी शिकवायची पद्धत त्यासाठी मुळापासून बदललेली हवी. आधी एकांकडे ट्रायल घेतली होती. ते हातावर ताल देत ‘माझ्याबरोबर वाजवा’ म्हणायचे. नेटवरून आवाज पोचायला थोडा उशीर होतोच, त्यामुळे मी त्यांना कायम मागे पडलेलाच ऐकू यायचो.

आत्ताचे सर एकत्र वाजवतच नाहीत. लेहरा, म्हणजे ताल धरायला सतत फिरत राहणारी धून, माझ्या बाजूला, दुसऱ्या मोबाइलवर लावायचा. मग लेहरा आणि तबला सारख्याच उशिराने त्यांच्याकडे पोचतात आणि सम (तालाची पहिली मात्रा) हुकली की त्यांना लगेच कळतं. झूममधलं ‘ओरिजिनल साउंड’ त्यांनी पहिल्याच तासाला चालू करून घेतलं. नाहीतर झूमला तबला म्हणजे गोंगाट वाटतो आणि ‘तिरकिट’सारखे जलद बोल निम्मे गायब होतात. कॅमेरा चेहऱ्यावर नाही, हातांवर, वरून तिरपा. ‘ना’ हा बोल वाजवताना अनामिका शाईच्या (तबल्यावरच्या काळ्या गोलाच्या) कडेला टेकलीय की हवेत आहे, हे त्यांना तिथून दिसतं.

नवा कायदा (बोलांची ठरलेली रचना) आला की आधी पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं. ‘धाधा तिट धाधा तूना, ताता तिट धाधा धिना’ हे टाळी-खाली देत (खाली म्हणजे टाळी न देता हात उघडायची जागा) एकपट, मग दुपटीत, म्हणजे दुप्पट वेगात, म्हणता आल्याशिवाय तबल्याला हात लावायचा नाही. सुरुवातीला मी वैतागलो. फी तबल्याची आणि शिकवणी बडबडीची! पण दुपटीत खालीच्या भागात ‘ता’ऐवजी ‘धा’ तोंडात येतो. ‘ता’ एकट्या उजव्या हाताचा, ‘धा’ला डावा हातही डग्ग्यावर पडतो. तो तिथेच पकडला की डाव्या हाताला डग्ग्यावर जायची सवय लागत नाही.

अधल्यामधल्या दिवसांत रियाजाचं रेकॉर्डिंग व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं. त्यात नेटची अडखळ नसते, म्हणून बारकावे खरं तर त्यातच कळतात. उत्तर व्हॉइस नोटवर येतं : ‘दुसऱ्या आवर्तनात (तालाच्या फेरीत) खालीनंतर लय चढलीय, परत ऐका.’ दाद क्वचित मिळते.

उणिवाही आहेत. मोबाइलच्या स्पीकरवर डग्ग्याची घुमक पोचतच नाही, त्यामुळे मनगटाच्या दाबाने मींड (घसरत जाणारा सूर) कशी काढायची ते मला कळलं नव्हतं. मे महिन्यात गावी गेलो तेव्हा त्यांच्यासमोर बसल्यावर ते जमलं. दोघांनी मिळून वाजवायचं, गाण्याला साथ करायची, हे सगळं अर्थातच बाजूला राहतं. तबला सुरात लावणंही मी अजून अंदाजानेच करतो. हातोडी गजऱ्यावर (पुडीच्या कडेच्या चामड्याच्या वेणीवर) नेमकी कुठे आणि किती जोरात मारायची, हे पडद्यावर पाहून हातात येत नाही.

त्यांची बॅचही आहे, स्वस्त पडते. मी बसून पाहिलं. एक जण वाजवतो, बाकीचे म्यूटवर. त्यापेक्षा आठवड्याला एकच तास घ्या, पण एकट्याने.