सेफ्टी रेझर, ब्रश आणि साबण: पावसाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत वापरल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो. दुधारी पात्याचा सेफ्टी रेझर, दाढीचा साबण आणि ब्रश हे सामान मी मागच्या पावसाळ्यात घेतलं. थंडी त्यावरच काढली, आणि आता नाशिकचं ऊन तापायला लागलंय तरी तेच वापरतोय. तीन-चार पात्यांच्या, डोकं बदलायच्या कार्ट्रिज रेझरकडे परत जायचा विचार नाही. दाढी स्वच्छ होते, मानेवरच्या पुटकुळ्या जवळपास गेल्या, खर्च अगदी कमी झाला. चौथा फायदा मी गृहीत धरला नव्हता आणि माझ्या लेखी तोच सगळ्यात मोठा आहे, पण त्याच्याआधी सामानाबद्दल बोलू.

रेझर तीन तुकड्यांचा आहे: वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा. मधे पातं ठेवून दांडा फिरवला की झालं. बिघडायला त्यात काही नाही. घेताना फक्त धातू बघा. स्वस्त रेझरची डोकी बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची असतात. वरचा मुलामा उडाला की ती आतून खायला लागतात, आणि आटा जोरात पिळला तर तुटूही शकतो. पितळेचा किंवा स्टीलचा मिळाला तर थोडे जास्त पैसे द्यावेत, तो पुढच्या पिढीलाही पुरेल. मी अंबडला एका कारखान्यात तपासणी विभागात आहे, त्यामुळे नवीन वस्तू हातात आली की मोजल्याशिवाय चैन पडत नाही. पातं ४३ मिलिमीटर लांब, २२ रुंद आणि जाडी फक्त ०.१ मिलिमीटर. एवढा पातळ पत्रा डोक्यात बसवताना वाकवला जातो आणि त्या वाकण्यामुळेच तो ताठ राहतो, थरथरत नाही. पातं बसवल्यावर रेझर डोळ्यांसमोर आडवा धरून दोन्ही बाजूंना धार सारखीच बाहेर दिसते का, तेवढं बघून घ्यावं.

ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली तो किंग कॅम्प जिलेट. कल्पना १८९५ची. इतका पातळ पत्रा कडक करून त्याला टिकाऊ धार लावता येणार नाही, असं त्याला जाणकारांनीच सांगितलं होतं. पुढे विल्यम निकरसन या अभियंत्याने ते करून दाखवलं. १९०३ साली विक्री सुरू झाली तेव्हा पहिल्या वर्षात ५१ रेझर आणि १६८ पाती खपली. दुसऱ्या वर्षी रेझरचा आकडा ९०,०००च्या पुढे गेला. आमच्या कँटीनमध्ये कुणी ‘आपल्याकडे काही व्हायचं नाही’ म्हणालं की मला तो ५१चा आकडा आठवतो.

हे सामान मिळालं रविवार कारंजाजवळच्या एका जुन्या कटलरीच्या दुकानात. त्याआधी दोन चकचकीत दुकानांत ‘ते आता कोण वापरतं’ एवढंच ऐकून बाहेर आलो होतो. कटलरीवाल्या काकांनी मात्र शिडी लावून वरच्या फळीवरचा खोका काढला, पाच प्रकारची पाती काउंटरवर मांडली आणि विचारलं, “दाढी राठ आहे की मऊ? रोज करता की दिवसाआड?” माझं उत्तर ऐकून त्यांनी महागाचं जपानी पाकीट स्वतःहून बाजूला सारलं. “हे फार तेज आहे. आधी हात बसू द्या, मग न्या.” गिऱ्हाईक उभं असताना महाग माल परत आत ठेवणारा दुकानदार बघायला मिळणं हेच मोठं. त्यांनी दिलेलं साधं देशी पातं अजून माझं रोजचं पातं आहे. दोन ते पाच रुपयांत एक पडतं आणि माझ्या दाढीला चार-पाच वेळा चालतं.

शिकवलं मात्र पंचवटीतल्या सलूनवाल्या काकांनी. त्यांच्याकडे मी लहानपणापासून जातो. स्वतः दाढी करायला शिकायचंय म्हटल्यावर, गिऱ्हाईक जाणार हे दिसत असूनही त्यांनी मला शेजारच्या खुर्चीत बसवून दाखवलं. नवीन पातं कागदासकट मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात सरकवलं आणि म्हणाले, “भाऊ, हात हलका ठेवा. दाबायचं नाही. रेझरचं वजन पुरतं.” आणखी एक गोष्ट मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट पाहिली. ते गिऱ्हाइकाच्या चेहऱ्याला न सांगता हात लावत नाहीत. “पाणी गार आहे हं”, “मान जरा वर घेऊ का?”, “उलटा हात मारू का, की राहू दे?” हे प्रत्येक वेळी, प्रत्येकाला. इतकी वर्षं हेच काम करणाऱ्या माणसाच्या आवाजात कंटाळा शोधून सापडत नाही.

आता पद्धत. सगळ्यात महत्त्वाचं पाणी. कोरडा केस चिवट असतो, पाणी प्यायला की त्याला कापायला बराच कमी जोर लागतो. म्हणून अंघोळीनंतर दाढी करावी किंवा दोन-तीन मिनिटं कोमट पाण्याने चेहरा भिजवावा. ब्रश डुकराच्या केसांचा असेल तर तोही आधी भिजत घालावा, कृत्रिम तंतूंचा असेल तर गरज नाही. मग ब्रश झटकून साबणावर अर्धा मिनिट घासायचा आणि फेस भांड्यात किंवा थेट गालावर करायचा. इथे पाणी थेंबाथेंबाने घालावं. आधी मोठे बुडबुडे येतात, ते जिरले की फेस घट्ट आणि चकचकीत होतो. चक्क्याहून जरा सैल झाला की थांबावं. पांढराफेक, हलका, भुसभुशीत फेस दिसायला छान, पण त्यावरून पातं घसरत नाही, अडकतं.

कोनाबद्दल: टोपी गालावर सपाट टेकवा आणि दांडा हळूहळू खाली आणा. जिथे पातं केसाला लागल्याचं जाणवतं, ऐकूही येतं, तिथे थांबा. पातं आणि कातडी यांत साधारण ३० अंश होतात. हात छोटे छोटे मारा, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरा. पहिला हात सुलटा, म्हणजे केस ज्या दिशेला वाढतात त्याच दिशेने. परत फेस लावून दुसरा आडवा. उलटा हात पहिला महिनाभर तरी मारूच नये. मानेवर केस कुठल्या दिशेला वळतात हे बोटांनी चाचपून बघा. माझ्या डाव्या बाजूला ते खालून वर नाहीत की वरून खाली नाहीत, चक्क कानाकडे जातात. कार्ट्रिज वापरताना हे मला ठाऊकच नव्हतं आणि पुटकुळ्यांचं मूळ तिथेच होतं. तीन-चार पात्यांचं कार्ट्रिज केस ओढून कातडीच्या पातळीखाली कापतं, आणि वळणदार केस वाढताना आतच शिरतो. एका पात्याने हा त्रास कमी होतो.

शेवटी गार पाणी आणि तुरटी. ओली तुरटी चेहऱ्यावर फिरवली की बारीक खरचटलेलं थांबतं. पण मला तिचा खरा उपयोग परीक्षक म्हणून वाटतो. जिथे झोंबलं तिथे हात जड पडला होता. सुरुवातीला हनुवटीखाली झोंबायचं, आता क्वचित.

पातं बोथट कशामुळे होतं, हे मला कामामुळे फार आवडलेलं प्रकरण आहे. केस पोलादाहून जवळपास ५० पट मऊ, तरी तो धार कशी घालवतो? मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०२० साली इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दाढी करतानाचं पातं पाहिलं. धार झिजून गोल होण्याआधी तिच्या कडेचे कपचे उडतात, असं त्यांना दिसलं. केस तिरका लागला आणि पोलादाच्या अंतर्गत रचनेत त्या जागी असमानता असली की कपचा उडतो. म्हणून केस नीट भिजवणं हे पात्याच्याही भल्याचं. ओढल्यासारखं वाटलं की पातं बदला, उगाच मोजत बसू नका.

तोटेही सांगतो. पावसाळ्यात ब्रश वाळत नाही, कुबट वास येतो, पंख्याखाली उलटा टांगावा लागतो. गंगापूर धरणाच्या नळाच्या पाण्याला फेस झकास येतो, पण उन्हाळ्यात आमच्या इमारतीत बोअरचं पाणी मिसळलं की साबणाची साय होऊन बसते. जड पाण्यातल्या कॅल्शियमशी साबणाचा असा न विरघळणारा चोथा होतो. तेव्हा फेसापुरतं तांब्याभर पिण्याचं पाणी घ्यायचं आणि साबण जरा जास्त. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत कातडी ओढते, खोबरेल तेलाचा एक थेंब पुरतो. विमानात हातातल्या बॅगेत पाती नेता येत नाहीत. तोंडावर मुरुमं असतील किंवा रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटं जातातच.

तो चौथा फायदा याच वेळेतून निघाला. आधी मी गजर बंद करून पुन्हा झोपायचो आणि मग कंपनीच्या बसमागे धावायचो. आता दाढीसाठी लवकर उठावंच लागतं. घाईत हे काम होत नाही, रक्त निघतं. परिणाम असा की मी घरातून निघतो तेव्हा माझ्याकडे वेळ शिल्लक असतो. बेसिन धुऊन, पुसून पुढच्या माणसासाठी ठेवतो. वॉचमनशी दोन शब्द बोलतो. बसच्या चालकाला नमस्कार करतो. आधी हे करत नव्हतो ते माणसं नकोशी होती म्हणून नव्हे. मी धावत असायचो.

आमच्या विभागात आता बरेच जण विटलेले आहेत. त्यांना मी दोष देत नाही. शेजारचे कारखाने बंद पडताना त्यांनी पाहिलेत, बरोबरीची माणसं कंत्राटावर गेलेली पाहिलीत. आमचे एक वरिष्ठ तर कायझेनचा, म्हणजे कामात छोटी सुधारणा सुचवायचा, कागद हातात घेतला की म्हणतात, “भरून काय मिळतं? चहा.” तरी मी भरतो. तपासणीच्या टेबलावरचा दिवा तिरका लावला तर ओरखडे लवकर दिसतात, हे मी लिहून दिलं होतं. दोन महिने काही झालं नाही, मग एका सकाळी दिवा हललेला होता. वरिष्ठ काही बोलले नाहीत, पण त्याच दिव्याखाली बसून काम करतात. पाळी बदलताना मी त्यांच्यासाठी मोजमापाची गेज पुसून ठेवतो, काय राहिलंय ते चिठ्ठीवर लिहितो आणि ‘सर, हे एवढं बघा’ म्हणून तोंडीही सांगतो. पूर्वी ते मान हलवायचे. हल्ली स्वतःची चिठ्ठी ठेवतात, अक्षर किरटं पण मजकूर पूर्ण. चार शब्द नीट बोलल्याने माणूस बदलतो असा माझा दावा नाही. पण ज्याला कुणी नीट काही सांगतच नाही तो कशाची आशा धरणार, एवढं मला कळतं.

वापरलेल्या पात्यांचं मात्र सगळ्यांनी मनावर घ्या. ती कचऱ्यात सुटी टाकू नका. घंटागाडीवरची माणसं पिशव्या हातांनी उचलतात, उघडतात, वेगळ्या करतात. एका पत्र्याच्या डबीच्या झाकणाला पातं जाईल एवढी फट पाडा आणि त्यात टाकत राहा. एका माणसाला एक डबी कितीतरी वर्षं पुरेल. भरली की फटीवर चिकटपट्टी लावा, वर ठळक अक्षरांत ‘ब्लेड’ लिहा आणि गाडीवरच्या दादांच्या हातात देऊन सांगा. आमच्या इमारतीत मी खालच्या मजल्यावर एक सामायिक डबा ठेवलाय. कुणी वापरणार नाही असं सोसायटीच्या बैठकीत ऐकायला मिळालं होतं. आता तो हलवला की खुळखुळतो.

नव्याने सुरू करणाऱ्यांनी महागड्या सामानाच्या मागे लागू नये. पातं बेताचं बाहेर राहणारा, खालच्या पट्टीला उघडे दाते नसलेला (बंद कंगव्याचा) रेझर, कृत्रिम तंतूंचा ब्रश, कुठलाही साधा दाढीचा साबण आणि तुरटीचा खडा, एवढं पुरे. पाती एकाच प्रकारची ढीगभर घेऊ नका, तीन-चार प्रकारची एकेक पाकिटं घ्या. दर आठवड्याला एकच गोष्ट बदला, पातं किंवा साबण, म्हणजे फरक कशाने पडला ते कळतं. आमच्याकडच्या एका शिकाऊ मुलाने परवा माझ्या मानेकडे बघून विचारलं, “दादा, तुमच्या पुटकुळ्या कशाने गेल्या?” त्याला हे सगळं बसमध्ये सांगितलं. पुढच्या सुट्टीला त्याला घेऊन कटलरीवाल्या काकांकडे जाणार आहे. त्याची दाढी अजून मऊ आहे, त्याला कोणतं पातं द्यायचं ते काकाच ठरवतील.