गवत कापायला ट्रॅक्टरमागे काय जोडावं: रोटरी स्लॅशर की फ्लेल मोअर?

रोटरी स्लॅशरची दोन-तीन जाड पाती आडवी फिरतात. कमरेएवढं गवत, कोवळी झुडपं, सगळं झोडपून काढतो. तेवढ्याच रुंदीच्या फ्लेलपेक्षा ताकदही कमी लागते. खोट मोठी आहे: पात्याखाली आलेला दगड गोळीसारखा उडतो. साखळ्यांचा पडदा हवाच. शिवाय कापलेलं गवत ढिगाने पडतं, खालची हिरवळ पिवळी पडते.

फ्लेलच्या आडव्या दांड्यावर छोटी लोंबती पाती असतात; दगड लागला की पातं मागे झुकतं. गवताचा बारीक चुरा सारखा पसरतो. पाती मात्र समोरासमोरची जोडीनेच बदलायची, नाहीतर दांडा थरथरून बेअरिंग जातं.

माणसांची ये-जा असेल तिथे मी फ्लेलच घेईन. पीटीओ (ट्रॅक्टरमागचा, अवजाराला ताकद देणारा फिरता दांडा) दोन्हींना बहुधा मिनिटाला 540 फेऱ्यांचा.